नात्याचा रकाना

विट्याच्या स्टँडमागं झेरॉक्सवाल्यानं
फॉर्मच्या दोन प्रती काढल्या,
विचारलं, वहिनी, लोकल गार्डियन म्हणजे काय वो?
म्हटलं, तिथला पालक.
तो म्हणाला, मग तुम्ही कोण?

शाळेपासून दीड तासाच्या आत राहणारी व्यक्ती हवी.
वय पंचविसाच्या वर.
अपरात्री फोन उचलणारी,
सहामाही सुट्टीत पोरीला घरी नेणारी.
त्या देशात आमच्या ओळखीचं एकच माणूस,
लेंगऱ्याच्या देवकरांचा जावई.
तो राहतो पाच तासांवर
आणि तीनदा फोन केला, तीनदा म्हणाला, बघतो.
'बघतो' म्हणजे काय
हे खानापूर तालुक्यात पाळण्यातल्या पोराला कळतं.

हणमंतराव भट्टीपुढं वाढलेले.
सोनं कसोटीवर एकदा ओढलं
की सांगतात काय मिसळलंय, किती.
एजन्सीनं पाठवलेले पाच फोटो
पाचदा वर-खाली केले
आणि मोबाइल पालथा ठेवला.
हसत्यात सगळीच, म्हणाले.

रात्री जेवताना बोलले ते
सतरा वर्षांत कधी बोलले नव्हते.
"मला सेलमला धाडलं तवा तेरा वर्सांचा हुतो.
कुणी फारम भरला हुता?
मूस फुटली, हात भाजला, ताप भरला.
शेठ गावाकडं. माडीवर मी एकला.
खालची इडलीवाली बाई वर आली.
तिची भाषा मला येईना, माझी तिला.
आठ दिस कांजी पाजली.
नाव?
नाव इचारायचं ऱ्हायलं.
अक्का म्हणायचो. तिकडं सगळ्याच अक्का."
मग अर्धी भाकरी ठेवून उठले.
मोरीत बराच वेळ नळ चालू.

चौथ्या फोटोतली बाई शनिवारी व्हिडिओवर आली.
ग्वेन. पासष्टीची, पोस्टातून रिटायर,
पाठीमागं खिडकी, खिडकीत ढग, मांडीवर मांजर.
मधे शर्वरी दुभाषी,
दोन्हीकडचं थोडं थोडं गाळून सांगणारी.
मी अकरा प्रश्न लिहून ठेवले होते.
तिनं आधी एकच विचारला :
आजारी पडली की ही काय खाते?

पेज, म्हटलं. तांदळाची. वर तूप, मेतकूट.
तिनं वहीत लिहिलं,
बरोबर आहे का म्हणून वही कॅमेऱ्यापुढं धरली.
शर्वरी हसून हसून खुर्चीवरून घसरली.
इंग्रजीत म्हणे ते पान झालं, पुस्तकाचं पान.
म्हणजे माझ्या लेकीला तापात
ही बाई पान वाढणार, तुपासकट.

हणमंतराव हसले नाहीत.
पुढं सरकले, इतके
की पलीकडं नुसतं कपाळ दिसलं असेल,
आणि समुद्रापार ऐकू जावं अशा आवाजात
म्हणाले, कांजी.
कांजी, ती म्हणाली.
आणि लिहून घेतलं.

फी आहे तिची, टर्मला ठरलेली. लपवत नाही मी.
शिष्यवृत्तीत बसत नव्हती,
त्यासाठी माझ्या पाटल्या गेल्या,
घरच्याच भट्टीत.
करारात माया लिहिलेली नाही,
पंधरा दिवसांतून एक फोन लिहिलाय.
पण गलाईवाले दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत,
धुतला की गुंजभर निघतंच काहीतरी.
त्या शनिवारपासून
मी तिचा एकेक शब्द धुऊन बघतेय.

फॉर्ममधे 'नाते' असा रकाना होता.
हणमंतरावांनी पेन घेतलं, टोपण काढलं,
परत लावलं.
शर्वरीनं तिथं आडवी रेघ मारली.
चालतं म्हणे शाळेला.

बॅगेत मी मेतकुटाची दुसरी पुडी भरली,
वर चिठ्ठी चिकटवली, मराठीतच :
ग्वेनबाईंसाठी. डबा घट्ट लावणे.
तिला वाचता येणार नाही.
शर्वरी सांगेल,
थोडं गाळून.